धंतोलीतल्या दवाखान्याचा फोन क्लाउडवर गेला: आठ महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या धंतोलीतल्या ६० खाटांच्या एका दवाखान्याचं टेलिफोनचं काम २००३ पासून माझ्याकडे आहे. ७२ एक्स्टेन्शन, एक पीआरआय लाइन (एकाच वेळी ३० कॉल नेणारी) आणि जिन्याखालच्या खोलीत भिंतीवर लावलेलं ईपीएबीएक्स, म्हणजे दवाखान्याचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज. ते मीच बसवलं होतं. २०२४ मध्ये ते बंद केलं आणि डिसेंबरात सगळे फोन आताच्या क्लाउडवरच्या सेवेला, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधून इंटरनेटवर चालणाऱ्या एक्स्चेंजला जोडले, तेही माझ्याच हातांनी. तेव्हापासून रामदासपेठेतले, सदरमधले जुने ग्राहक एकच विचारतात, "भाऊ, आम्ही पण क्लाउड घ्यायचं का?" दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा इथे नीट लिहितो.

कंपन्यांची नावं देत नाही. आम्ही दोन सेवा वापरल्या. पहिली तीन महिन्यांत सोडावी लागली, दुसरी चालू आहे. दोघींच्याही माहितीपत्रकावर क्लाउड हाच शब्द होता, दरही जवळपास सारखे होते. फरक आत होता आणि तोच सांगायचा आहे.

आधी जुन्या यंत्राबद्दल, कारण त्याला कोणी भंगार म्हटलं की मला वाईट वाटतं. २१ वर्षांत ते मोजून सहा वेळा बंद पडलं. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन स्वतःची वीज एक्स्चेंजकडूनच घेतो, उणे ४८ व्होल्ट डीसी, आणि घंटी वाजवायला ७५ व्होल्टच्या आसपास एसी. वॉर्डातले दिवे गेले तरी खाली बॅटरी आहे तोवर फोन जिवंत. सिस्टर अंधारात रिसीव्हर उचलायची आणि डायल टोन असायचा. पीआरआयची लाइन दोन मेगाबिटची. तिच्यात ३२ खाने असतात: ३० बोलण्याचे, एक कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांचा, एक दोन्ही टोकांचा ताल जुळवण्याचा. एकतिसाव्या माणसाला एंगेज टोन मिळेल, पण तिसाव्याचा आवाज फाटणार नाही. इतकी छातीठोक हमी इंटरनेटवरच्या फोनची मी आजही देत नाही.

मग बदललं कशाला? एक म्हणजे सिमेंटचे रस्ते. रस्ते झाले त्याबद्दल तक्रार नाही, पण खोदकामात जमिनीखालच्या तांब्याच्या केबलचे तुकडे तुकडे झाले. जोड आला की पावसाळ्यात त्यात पाणी आलंच. लाइनमन यायचा, जोडून जायचा, आठवड्याने पुन्हा खरखर. दुसरं कारण जून २०२४ च्या वादळाचं. वीज कडाडली आणि पीआरआय कार्ड जळालं. त्या मॉडेलचं उत्पादन कधीच थांबलेलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेलं कार्ड सोळा हजारांना मिळालं, वॉरंटी शून्य. ते येईपर्यंत नऊ दिवस अख्खा दवाखाना दोन साध्या लाइनी आणि रिसेप्शनच्या एका मोबाईलवर चालला. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "पुढच्या वेळी कार्ड मिळालंच नाही तर काय करशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिली सेवा ऑगस्टमध्ये घेतली. आवाज स्वच्छ, मोबाईलवर ॲप, कॉलचं रेकॉर्डिंग, सगळं दोन दिवसांत सुरू. मला नियंत्रणाचं पान उघडून दिलं तेव्हा आतलं सगळं ओळखीचं दिसलं. जिन्याखालच्या यंत्रात जे सॉफ्टवेअर असतं तसंच एक सॉफ्टवेअर भाड्याच्या एका संगणकावर टाकलेलं होतं. कॉल जोडणं, आवाज पुढे पाठवणं, 'अपॉइंटमेंटसाठी एक दाबा' म्हणणारा आयव्हीआर, रेकॉर्डिंग, कुठला फोन कुठे आहे त्याची नोंदवही, हे सगळं त्या एकाच यंत्रात. डबा धंतोलीतून उचलून डेटा सेंटरमध्ये नेला होता. त्या वेळी मला त्यात धोका दिसला नाही. माझा २७ वर्षांचा अनुभव डब्यांचाच आहे, डबा बघून मला उलट धीर आला.

ऑक्टोबरात एका रात्री पावणेदोनला रिसेप्शनवरच्या ताईंचा स्वतःच्या मोबाईलवरून फोन आला. "भाऊ, एकही फोन लागून नाही राहिला. आयसीयूचा पण नाही." मानेवाड्याहून स्कूटरने पोचलो. तिकडच्या यंत्राची डिस्क रेकॉर्डिंगने भरली होती आणि भरल्याबरोबर सगळंच गोठलं होतं. कंपनीच्या माणसाने वीस-पंचवीस मिनिटांत यंत्र पुन्हा सुरू केलं. डायल टोन आला. मी सुस्कारा टाकला आणि बाहेरून माझ्या मोबाईलवरून दवाखान्याचा नंबर लावला. एकही फोन वाजला नाही.

कारण कळायला मला आणखी पंधरा मिनिटं लागली. प्रत्येक इंटरनेट फोन ठरावीक वेळाने केंद्राला सांगतो, 'मी इथे आहे.' त्यावरून नोंदवही बनते आणि तिच्यात बघून येणारा कॉल त्या फोनवर टाकला जातो. या सेवेत ती नोंदवही यंत्राच्या मेमरीत होती, यंत्र बंद पडताच पुसली गेली. आणि फोनला पुन्हा हजेरी लावायची मुदत दिली होती ३६०० सेकंद. म्हणजे काही फोन तासाभराने 'मी इथे आहे' म्हणणार, तोवर केंद्राच्या लेखी ते अस्तित्वातच नाहीत. मी आणि वॉचमन मजल्यामागून मजले चढत एकेका फोनची पिन काढून परत घालत गेलो. त्या रात्री रुग्णाला काही झालं नाही. पण ब्लड बँकेला फोन लावायला आयसीयूतली सिस्टर लॉकरमधला स्वतःचा मोबाईल आणायला पळाली होती, आणि ते माझ्या कामामुळे घडलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, ही सेवा सोडू, नवी मी शोधतो, बसवण्याचे पैसे घेणार नाही.

नव्या शोधात मी माहितीपत्रकं बाजूला ठेवली आणि तीन कंपन्यांना एकच गोष्ट करून दाखवायला सांगितली. माझे सहा कॉल चालू असताना कॉल जोडणारा तुमचा भाग माझ्यासमोर बंद करा. एकाने अपटाइमचे, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहते त्याचे आकडे पाठवले. दुसऱ्याने परत फोन केला नाही. तिसऱ्या कंपनीचा पुण्यातला एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "रविवारी दुपारी करूया काका, पण आधीच सांगतो, दुसऱ्या चाचणीत तुमचे एकदोन कॉल तुटतील."

रविवारी सहा फोनवर सहा माणसं बसवली. घरची चार, दवाखान्यातली दोन. व्हिडिओवर मला त्याची स्क्रीन दिसत होती. त्याने कॉल जोडणारा सॉफ्टवेअरचा तुकडा काढून टाकला. सहाही कॉल चालू राहिले, कोणाच्या शब्दात खंड नाही. मी सातवा कॉल लावला. चार-पाच सेकंद शांतता, मग घंटी. तोवर तिकडे त्याच कामाचा दुसरा तुकडा आपोआप उभा राहिला होता. मग त्याने आवाज वाहून नेणारा एक तुकडा बंद केला. सहापैकी दोन कॉल तुटले, कारण ते दोन त्या तुकड्यावर होते. बाकी चार चालूच. तुटलेले पुन्हा लावले, लगेच लागले. 'एकदोन तुटतील' असं आधी सांगून दोनच तुटले, तिथे माझा विश्वास बसला.

यालाच ते लोक क्लाउड-नेटिव्ह म्हणतात. मला समजलं तसं सांगतो. जुन्या डब्यात एकाच खोलीत बसून एकच माणूस सगळी कामं करायचा. इथे प्रत्येक काम वेगळ्या छोट्या सॉफ्टवेअरकडे आहे आणि प्रत्येकाच्या एकाहून जास्त प्रती चालू असतात, वेगवेगळ्या इमारतींतल्या डेटा सेंटरमध्ये. कुबरनेटिस नावाची व्यवस्था वरून लक्ष ठेवते. एखादी प्रत मेली की नवी उभी करते, सकाळी ओपीडीच्या गर्दीत प्रती वाढवते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंदवही कोणा एकाच्या मेमरीत नाही, ती वेगळ्या डेटाबेसमध्ये आहे. म्हणून नवा तुकडा उभा राहिला की त्याला ७२ फोन कुठे आहेत ते माहीत असतं. रेकॉर्डिंगचा साठा तुडुंब भरला तर रेकॉर्डिंग थांबेल, फोन थांबणार नाही.

आवाजाचं काम या पद्धतीत बसवणं सोपं नाही, हेही त्या मुलाने लपवलं नाही. वेबपेज एका क्षणात देऊन मोकळं होता येतं. फोनवरचं बोलणं वीस मिनिटं चालतं आणि दर २० मिलिसेकंदांना आवाजाचं एक पाकीट जायलाच हवं, सेकंदाला ५०. त्यामुळे नवी आवृत्ती टाकताना जुन्या प्रतीला एकदम मारता येत नाही. तिला नवे कॉल देणं बंद करतात, चालू असलेले संपेपर्यंत थांबतात, मग काढतात. पहिल्या कंपनीत सुधारणा टाकायची तर रात्री दोन ते चार सेवा बंद असा निरोप यायचा. दवाखान्याला रात्रीचे दोन ते चार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायचं?

वाचत गेलो तसं कळलं की मोठ्या टेलिकॉम कंपन्याही याच वाटेने, याच चुका करत आल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये १३ ऑपरेटरांनी मिळून एक निवेदन काढलं की प्रत्येक कामाला वेगळं महागडं यंत्र घेण्याऐवजी साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवू. पुढची काही वर्षं अनेकांनी जुन्या यंत्राचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं आभासी यंत्रात (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) कोंबलं, म्हणजे माझ्या पहिल्या सेवेसारखं. ५जी च्या नेटवर्कचा गाभा २०१८ मध्ये ठरला तेव्हा तो मुळातच एकमेकांशी वेबच्या भाषेत बोलणाऱ्या वेगवेगळ्या सेवा म्हणून आखला गेला. जपानमध्ये राकुतेन कंपनीने एप्रिल २०२० मध्ये अख्खं मोबाईल नेटवर्कच क्लाउड-नेटिव्ह म्हणून सुरू केलं. माझा धंदा लहान, पण प्रश्न तोच आहे हे पाहून बरं वाटलं.

आता इमारतीतलं काम. इथे क्लाउड कंपनी काही करत नाही, सगळं आपल्यावर असतं. वॉर्डांत लॅनच्या (संगणक जोडायच्या) वायरी नव्हत्या, जुनी टेलिफोन केबल मात्र प्रत्येक खाटेपर्यंत होती. भिंती फोडायला डॉक्टर तयार नव्हते आणि गरजही नव्हती. २४ पोर्टचे दोन ॲनालॉग गेटवे, म्हणजे साधे फोन इंटरनेटच्या सेवेला जोडणारे डबे घेतले आणि जुन्या क्रोनवरून (तारा जोडायच्या पट्टीवरून) जंपर टाकून ४८ साधे फोन तसेच चालवले. रिसेप्शन, आयसीयू, ओटी आणि डॉक्टरांच्या खोल्या मिळून २२ आयपी फोन, म्हणजे थेट इंटरनेटवर चालणारे. उरलेली दोन एक्स्टेन्शन मोबाईल ॲपवर. २००३ साली मी क्रोनवर पेन्सिलने लिहिलेले खोल्यांचे नंबर अजून वाचता येत होते.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टींनी छळलं. ताई सांगायच्या, "फोन वाजून राहिला, उचलला का आपला आवाज जाते, त्यांचा येऊन नाही राहिला." हा राउटरचा दोष. त्यात एसआयपी एएलजी नावाची एक सोय असते, ती मदत करायच्या नावाखाली फोनच्या निरोपांतले पत्ते बदलते आणि आवाज चुकीच्या दारी जातो. बंद केली, प्रश्न मिटला. मग विमा कंपन्यांच्या नंबरवर 'दोन दाबा' म्हटल्यावर दाबलेला आकडा पलीकडे पोचेना. गेटवेमध्ये आकडे आवाजाच्या आत न पाठवता वेगळ्या पाकिटाने पाठवायची सेटिंग केली. तिसरी गोष्ट संध्याकाळी सहाला व्हायची. आवाज तुटायचा. इंटरनेटचा वेग भरपूर होता. एका कॉलला एका दिशेने जेमतेम ८७ किलोबिट लागतात, २५ कॉलचे सव्वादोन मेगाबिटसुद्धा होत नाहीत. पण त्याच वेळी रेडिओलॉजीतून सीटी स्कॅनच्या फाइली बाहेर जायच्या आणि आवाजाची पाकिटं त्यांच्यामागे रांगेत अडकायची. फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच वायरींवरचं वेगळं जाळं) केला, आवाजाला आधी वाट दिली. हजेरीची मुदतही ३६०० वरून १२० सेकंदांवर आणली.

लिफ्टमधला फोन मात्र मी क्लाउडला जोडला नाही. एक साधी तांब्याची लाइन ठेवली आहे, तिच्यावर लिफ्ट आणि आयसीयूचा एक लाल फोन. डॉक्टरांनी विचारलं की खर्च कशाला. मी त्यांना ब्रिटनचं सांगितलं. तिथे जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ मध्ये बंद करायचं होतं, ते जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकललं. मोठं कारण काय, तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची मदतीला बोलावायची बटणं त्याच लाइनींवर आहेत. डॉक्टरांनी लाइन ठेवली.

मे महिन्याने खरी परीक्षा घेतली. जिन्याखालच्या खोलीत यूपीएस आहे. बाहेर पारा ४० च्या वर, आत त्याहून जास्त. या बॅटऱ्या २५ अंशांना धरून बनवतात, दर दहाएक अंशांमागे त्यांचं आयुष्य निम्मं होतं. दोन तास चालणारा यूपीएस चाळीस मिनिटांवर आला. आधी त्या बॅटरीवर एक डबा होता; आता गेटवे, स्विच, राउटर, फायबरचा मोडेम, सगळ्यांचा भार तिच्यावर. नव्या बॅटऱ्या घातल्या आणि यूपीएस वरच्या मजल्यावर एसीच्या खोलीत हलवला. हे मी डिसेंबरातच करायला हवं होतं.

त्याच महिन्यात भर दुपारी बाहेरच्या रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडलं. आमच्याकडे दोन कंपन्यांची दोन फायबर होती, याच दिवसासाठी. दोन्ही एकाच चरातून आलेली निघाली. दोन्ही एकदम गेली. ७२ पैकी ७० फोन गप्प झाले.

आणि तरी दवाखान्याचा नंबर बंद पडला नाही. बाहेरून येणारा कॉल आधी क्लाउडमध्ये पोचतो, इमारतीत नंतर. इमारत उत्तर देत नाही असं दिसल्यावर सेवेने कॉल ठरवून दिलेल्या चार मोबाईलवर टाकायला सुरुवात केली. आयव्हीआर चालू, रेकॉर्डिंग चालू. ताईंनी टेबलावर चार मोबाईल मांडून साडेतीन तास काम केलं. रुग्णाच्या एका नातेवाइकाने संध्याकाळी मला विचारलं, कसलं काम चालू आहे बाहेर? त्याला फोन बंद होते हे कळलंच नव्हतं. जुन्या यंत्राकडून हे कधीच झालं नसतं; तार तुटली की बाहेरच्याला फक्त एंगेज टोन.

तक्रारी आहेत आणि त्या साध्या नाहीत. लँडलाइनला मोबाईलसारखी नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे नाही. वीस वर्षांच्या फायलींवर, औषधांच्या चिठ्ठ्यांवर छापलेला ०७१२ चा नंबर सोडता येत नाही, म्हणून जुनी लाइन भाडं भरून चालू ठेवली आहे आणि तिच्यावरचे कॉल नव्या नंबरावर वळवले आहेत. हे विकणाऱ्याने आधी सांगितलं नाही, मी विचारल्यावर कबूल केलं. रेकॉर्डिंगमध्ये रुग्णांची माहिती असते. ती कोण ऐकू शकतं याची यादी मागितल्यावर मिळायला तीन आठवडे लागले. मदतकेंद्र रात्री इंग्रजी आणि हिंदीतच बोलतं, नाइट ड्युटीवरच्या मावशींना ते जड जातं. बिल दर एक्स्टेन्शनमागे लागतं, त्यामुळे वर्षातून चार वेळा वाजणाऱ्या स्टोअरच्या फोनचेही पूर्ण पैसे. पाच वर्षांचा हिशोब मांडला तर जुन्या यंत्रापेक्षा स्वस्त पडेल असं मला वाटत नाही.

पाचपैकी चार देतो. एक गुण नंबरची गोष्ट लपवल्याबद्दल कापला.

दहा-बारा एक्स्टेन्शनचं दुकान असेल आणि ईपीएबीएक्स नीट चालत असेल तर बदलू नका, मी येऊन दुरुस्त करून देईन. रात्री फोन वाजणं ज्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे त्यांनी बदलावं, पण सही करण्याआधी तो सहा कॉलचा रविवार नक्की करावा.

जुनं यंत्र अजून जिन्याखालीच आहे, भंगारवाल्याला द्यायचं मन होत नाही. येत्या रविवारी त्याच्या शेजारी तिसरं फायबर आणतोय, मागच्या गल्लीतून. चर कुठून कुठे जातो ते या वेळी मी स्वतः चालत जाऊन पाहिलं आहे.